आजीचे ‘शकुंतला’ हे नाव आजच्या मुलीला शोभेल का?

सातारची आत्या

माझ्या धाकट्या भावाला गेल्या आठवड्यात मुलगी झाली. पुढच्या रविवारी बारसे आहे आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असल्यामुळे नावाचा घोळ निस्तरण्याचे कामही माझ्याकडेच आले आहे. आमच्या आजीचे, म्हणजे वडिलांच्या आईचे, नाव शकुंतला. ती ८६ वर्षांची असून अजून रोज स्वतःची भाकरी स्वतः थापते. मुलीला आजीचे नाव द्यावे असे भावाला मनापासून वाटते. वहिनीला आजीबद्दल माया आहे. पण वर्गात कोणी ‘शकू’ अशी हाक मारली तर दहा वर्षांनी मुलगी आपल्याला जाब विचारेल, असे तिचे म्हणणे आहे आणि ते मला अगदीच खोटे वाटत नाही.

मधला मार्ग म्हणून आम्ही ‘कुंतल’, ‘शकुन’, ‘शाकू’ अशी काटछाट करून पाहिली. कोणीतरी ‘शाया’ असेही सुचवले, त्यावर आजीने फक्त भुवई उंचावली. सुमन, कुसुम, मालती, प्रमिला, नलिनी, वत्सला या पिढीतील नावे आज ठेवायची झाल्यास ती जशीच्या तशी ठेवावीत, की त्यांना नवे रूप द्यावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाणिनीचा शेजारी

काटछाट करण्याआधी शब्द कोठे जोडला आहे ते पाहावे, नाहीतर सांधा सोडून भलतीकडेच कात्री चालते. ‘शकुंत’ म्हणजे पक्षी. मेनकेने वनात सोडून दिलेल्या मुलीचे पक्ष्यांनी रक्षण केले, म्हणून कण्वांनी तिचे नाव शकुंतला ठेवले, अशी महाभारताच्या आदिपर्वातील कथा आहे. ‘कुंतल’ म्हणजे केस. त्यामुळे ‘शकुंतला’मधून ‘कुंतल’ काढले तर पक्षी उडून जातो आणि हातात केस उरतात. ‘कुंतल’ हे स्वतंत्र नाव म्हणून चांगले आहे, पण ते आजीचे नाव नव्हे.

‘शकुन’ची गोष्ट वेगळी आहे. संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचाही अर्थ पक्षी असाच आहे. पक्ष्यांच्या हालचालींवरून शुभाशुभ ठरवत असल्यामुळे त्याला पुढे आजचा अर्थ आला. म्हणून तुमच्या यादीत शकुंतलेची खरी नातलग तीच. ‘शाया’बद्दल मी आजींच्या भुवईशी सहमत आहे.

वऱ्हाडी तात्या

आमच्याकडे शकुंतला म्हटले की डोळ्यांसमोर आगगाडी येते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रुळांच्या मार्गावरील गाडीला सगळा मुलूख शकुंतलाच म्हणत असे. ती इतक्या सावकाश जायची की लहानपणी आम्ही उतरून बोरे तोडून पुन्हा चढण्याच्या बढाया मारत असू. वहिनींना हे सांगू नये.

आता मुद्द्याचे. नाव जुनाट वाटते ते त्याच्या वयामुळे नव्हे, ते नाव धारण करणारी माणसे अजून आपल्या डोळ्यांसमोर असतात म्हणून. सई, रमा, मुक्ता, रेवा, जिजा ही नावेही जुनीच आहेत, पण आज ती बारशाला हौसेने ठेवली जातात, कारण त्या नावाची गुडघेदुखीची तक्रार करणारी आत्या किंवा मावशी बहुतेकांना नसते. पणजीचे नाव ठेवले की लोक कौतुकाने अर्थ विचारतात. आजीचे ठेवले की ‘अरे, हे काय?’ म्हणतात. गंगा, भागीरथी, द्वारका ही नावे गावंढळ वाटू लागली तेव्हा शिकलेल्या घरांनी कुसुम, नलिनी, मालिनी अशी फुलांची आणि काव्यातील नावे काढली. त्या काळात ती ऐटीची होती. ‘-इनी’ आणि ‘-ला’ हे शेवट त्या ऐटीची खूण होती, म्हणून आज तेच शेवट त्या नावांचे वय सांगतात.

इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तेथील नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. आज ‘इरा’ हे नाव प्रत्येक बालवाडीत सापडते आणि ते कोणालाही जुने वाटत नाही. ‘इरा’ हा संस्कृतात स्वतंत्र शब्दही आहे, म्हणून तेथे काटछाट पचली. ‘शकु’ला तसा आधार नाही.

विमल १९५६

मी स्वतः त्या पिढीतील असल्यामुळे ‘नवे रूप द्यावे का’ हा प्रश्न वाचून थोडी हसले. आमच्या वर्गात तीन विमल होत्या. थोरली विमल, धाकटी विमल आणि चष्म्याची विमल. मी चष्म्याची. पुढे छत्तीस वर्षे शाळेत शिकवले आणि दर जूनमध्ये नवे हजेरीपट लिहिले. सुरुवातीला सुनीता, अनिता, संगीता, वंदना यांच्या रांगा असत. मग पूजा, प्रियांका, अश्विनी, स्नेहल आल्या. निवृत्तीच्या सुमारास आर्या आणि अन्वी. प्रत्येक वेळी पालक अभिमानाने सांगत की आम्ही अगदी वेगळे नाव ठेवले आहे, आणि मला हजेरी घेताना पुन्हा आडनावच जोडावे लागे. त्या वर्गांत एखादी शकुंतला असती तर ती एकच असती.

वहिनींचा आक्षेप मला नावावरचा वाटत नाही, हाकेवरचा वाटतो. शकू, कुसी, वच्छी, मंदी, पमी या हाकांनी ती नावे खरी जुनी केली. मंदाकिनी ही स्वर्गातील गंगा, पण आपण तिला ‘मंदा’ केले आणि मग ती मुलगी आयुष्यभर त्या शब्दाचा अर्थ सोसत राहिली. पूर्ण नाव तसेच ठेवावे आणि घरातील हाक बारशाआधी ठरवून टाकावी. ती ठरवली नाही तर शेजारची काकू ठरवते.

दोन गोष्टी विचारते. आजी हयात आहेत, तेव्हा त्यांच्यासमोर ‘शकुंतला, गप्प बस’ असे नातसुनेच्या तोंडून निघेल, ते चालणार आहे का? सासूचे नाव तोंडाने न घेणाऱ्या बायकांच्या घरात मी वाढले, म्हणून हे आधी सुचते. आणि शकुंतला हे त्यांचे माहेरचे नाव आहे की सासरचे?

सातारची आत्या

विमलताई, तुमचा दुसरा प्रश्न आम्हा भावंडांपैकी कोणीही आजवर आजीला विचारला नव्हता, याची लाज वाटली. काल विचारला. शकुंतला हे तिचे सासरचे नाव आहे. १९५८ साली लग्न झाल्यावर लक्ष्मीपूजनाच्या वेळी आजोबांनी ताटात पसरलेल्या तांदळात अंगठीने ते लिहिले. लिहिताना ‘कु’वरचा अनुस्वार राहिला आणि पणजीने करंगळीच्या टोकाने तो दिला, हे आजीला अजून आठवते. माहेरी ती सिंधू होती.

हे कळल्यावर भावाचे मत एकदम फिरले. सिंधू हे नाव आटोपशीर आहे, त्यात काटछाट करावी लागत नाही आणि ते खऱ्या अर्थाने तिचे आहे, असे तो म्हणतो. वहिनीलाही ते आवडले आहे.

वऱ्हाडी तात्या

सिंधूला वीस वर्षांपूर्वी मी नको म्हटले असते. मराठी घरात सिंधू म्हणजे ‘एकच प्याला’मधील गडकऱ्यांची सिंधू, दारुड्या सुधाकराच्या संसारात झिजून गेलेली. मग पी. व्ही. सिंधूने २०१६ साली रिओत रौप्यपदक मिळवले, २०१९ साली ती जगज्जेती झाली आणि टोकियोत तिने कांस्यपदक आणले. आजच्या मुलांना सिंधू म्हटले की हातात रॅकेट असलेली उंच मुलगी दिसते. एखादे नाव अक्षरही न बदलता कसे ताजे होते, त्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

म्युनिकची माहेरवाशीण

परदेशाचा विचार करत असाल तर माझा अनुभव सांगते. येथे आखूड नाव सोपे पडते हे खरे, पण आखूड नाव सुरक्षित असतेच असे नाही. माझ्या मैत्रिणीने मुलीचे नाव लीला ठेवले. जर्मन भाषेत लिला म्हणजे जांभळा रंग. बालवाडीत पहिल्याच दिवशी तिला जांभळा खडू मिळाला, आणि तो रंग तिने पुढे हट्टाने आपला मानला. उलट शकुंतला या नावाला येथे जुनी ओळख आहे. कालिदासाच्या नाटकाचा जर्मन अनुवाद १७९१ साली झाला आणि जर्मन कवी गटेने त्याच वर्षी शकुंतलेवर चार ओळी लिहिल्या. माझ्या वयोवृद्ध घरमालकीणबाईंना ते नाव माहीत होते. माझे स्वतःचे, ‘सोपे’ म्हणून ठेवलेले नाव मात्र त्या आजही चुकवतात.

दप्तरी

नगरपालिकेच्या जन्मनोंदणीच्या कामात काही वर्षे घालवली आहेत, म्हणून व्यवहाराचे दोन शब्द. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. नाव त्याच दिवशी लिहिलेच पाहिजे असे नाही. वर्षभरात ते विनाशुल्क नोंदवता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा रविवारच्या घाईने कागदावर काही ठरवू नये. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत महाराष्ट्रात बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. चारही नावे सलग मोठ्याने म्हणून पाहावीत. आईचे नाव ऐश्वर्यलक्ष्मी आणि वडिलांचे ज्ञानेश्वर असेल तर मुलीला पाच अक्षरांच्या आत राहू द्यावे.

सातारची आत्या

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी आजीसमोर दोन्ही नावे ठेवली आणि आमच्या सगळ्या अंदाजांवर पाणी पडले. सिंधू हे नाव तिला मुळीच नको आहे. शाळेत मुली तिला ‘तुझा सुधाकर कुठे आहे?’ असे विचारून चिडवत असत, आणि ते नाव तांदळात बदलले गेले तेव्हा तिला वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखे वाटले होते. पी. व्ही. सिंधूचे खेळ तिने टीव्हीवर पाहिले आहेत, पण ‘ती वेगळी, मी वेगळी’ असे तिचे उत्तर आहे. हयात माणसाचे नाव ठेवण्याबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला शकुंतला म्हणणारे आता उरले आहे कोण? बँकेतला तो मुलगा सोडला तर सगळे आजीच म्हणतात.”

त्यामुळे नाव शकुंतला, पूर्ण. घरातील हाक शकुन. ती पाणिनीच्या शेजाऱ्यांकडून घेतली आणि वहिनीने एका कागदावर चारही नावे सलग लिहून, मोठ्याने म्हणून मान्य केली. ‘शकू’ म्हणणाऱ्याला बारशाच्या घुगऱ्या मिळणार नाहीत, असे भावाने नातेवाइकांना आधीच कळवले आहे. आजी मात्र कालपासून बाळाला ‘ठमे’ अशी हाक मारत आहे, आणि बाळ त्या हाकेला वळून पाहते अशी तिची खात्री आहे.