दर आठवड्याला एक अक्षर घरी शिकवतेय, पण ऋ ला गाडी अडलीय. बेळगाव-खानापूरकडच्या आयांनो, तुम्ही काय करता?

नंदगडची_आई
नमस्कार. माझी मुलगी पुढच्या महिन्यात चार पूर्ण करेल. आम्ही खानापूर तालुक्यात, नंदगडजवळ. गावच्या अंगणवाडीत सगळं कन्नडात चालतं, ती तिथं छान रमते, गाणी म्हणत घरी येते, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण पहिलीला मराठी शाळेत घालायचं ठरलंय म्हणून मी घरी दर आठवड्याला एक अक्षर असं सुरू केलं. सोमवारी अक्षर दाखवायचं मग आठवडाभर त्याच अक्षराची वस्तू, चित्र, खाऊ. अ आणि आ ला मजा आली. ई ला ईडलिंबू म्हटलं तर ती म्हणाली आई दाखव की, आणि मी स्वतःच ते कधी हातात घेतलेलं नाही. आता सातवा आठवडा, ऋ ऋषी, आणि पोरगी वही बघितली की पळते.
क्रम तक्त्यासारखाच ठेवायचा का? ण आणि ळ ने सुरू होणारे शब्दच नाहीत, तिथं काय करायचं? आणि कन्नड अक्षरं पण सोबत घ्यायची का? सासूबाई म्हणतात दोन्ही एकदम नको, मिस्टर म्हणतात इथं राहायचं तर कन्नड आधी. मला खरंच कळेना झालंय.

वडगाव_अक्का
तक्ता गुंडाळून ठेव आधी. तिच्या नावाचं पहिलं अक्षर घे, मग तुझ्या, मग आज्जीच्या. माझ्या पोराला ईडलिंबू नाही कळलं पण र म्हणजे रताळं लगेच कळलं, आपल्याकडं शेतातच असतात. क ला कुंदा, म ला मांडे, ख ला खानापूर, श ला शहापूर. जे ती खाते आणि जिथं जाते तेच घे.

निवृत्त_पहिलीच्या_बाई
मी ३१ वर्षं मराठी शाळेत पहिलीचा वर्ग घेतला म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
अ आ इ ई हा क्रम पाठांतराला चांगला आहे पण वाचायला शिकण्यासाठी तो सोयीचा नाही. सात आठवडे स्वर करून मूल एकही शब्द वाचू शकत नाही मग त्याला त्यात रस कुठून वाटणार? त्याऐवजी र, ग, म, न ही चार घ्या. काना मात्रा काही नको. चार आठवड्यांत मगर, नगर, गरम, मन, नग एवढे शब्द तिचे तिला वाचता येतात. चहाच्या भांड्याजवळ पाटीवर "गरम" लिहून ठेवा, ती वाचेल आणि हात मागे घेईल, त्या दिवशी तिचा चेहरा बघा. पुढे ब, स, घ, ल आले की बस, घर हे शब्दही वाचता येतात. स्वर सोडायचे नाहीत, नंतर मात्रेबरोबर येतात, र ला काना दिला की रा असं.
घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ट आणि ठ ही लागोपाठच्या आठवड्यात घेऊ नका, मध्ये निदान तीन आठवडे जाऊ द्या.
ण आणि ळ साठी शब्दाचा शेवट ऐकवायचा. बाण, कण, नळ, केळ. "शेवटी काय वाजलं?" असं विचारायचं. ङ आणि ञ आता नकोतच.
एक गोष्ट बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत, मराठीत च, ज, झ चे दोन दोन उच्चार आहेत. चाक, चमचा यातला च वेगळा आणि चिमणी, चित्र यातला वेगळा. एकाच दिवशी दोन्ही दिले तर मूल गोंधळतं. तुमची मुलगी दिवसभर कन्नड ऐकते, कन्नडात चाक मधला च नाहीच, तिला तो जास्त वेळा ऐकवा.
महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ धरून ५२ वर्ण आहेत म्हणून ५२ आठवडे असा हिशोब बरेच जण करतात. तो करू नका. गणपतीत, जत्रेत, भातलावणीत एकही अक्षर नको आणि एखाद्या आठवड्यात दोन जमली तर घ्या.
आणि वही चारच्या वयाला कशाला? बोटं अजून तयार नसतात. ताटात रवा पसरून बोटाने काढू दे, अंगणात पाण्याने ब्रश फिरवू दे. तुम्ही खानापूरकडच्या, तिथं कौलं आणि भांडी घडतात, चिकणमाती मिळेलच, तिच्या लांब सुरळ्या करून अक्षर वळू दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, खडे, शिंपले घेऊनच मुलं शिकवली. चिंचोके वापरणार असाल तर घरात धाकटं बाळ आहे का ते बघा, तोंडात घालतात.

कडोलीचा_बाबा
बाईंचं बाकी सगळं पटलं. कन्नडबद्दल कोण बोललं नाही म्हणून मी. मी पोराला दोन्ही एकदम शिकवालोय आणि त्याचा काही गोंधळ झाला नाही. आवाज तोच असतोय, क ख ग घ चा क्रम पण तोच, फक्त आकार वेगळा. म च्या आठवड्यात मांजर, मका आणि त्याच आठवड्यात कन्नड मने म्हणजे घर, मर म्हणजे झाड, मळे म्हणजे पाऊस. मळे ऐकून त्यानं विचारलं, आपले मळे म्हणजे पाऊस का? आज्जीनं त्याला शेतात नेऊन भिजवलं, तो शब्द आता जन्मभर विसरणार नाही. बसचा बोर्ड तर रोज वाचतोय.

निवृत्त_पहिलीच्या_बाई
@कडोलीचा_बाबा बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकदम, यात माझं दुमत नाही, तुमची मळ्याची गोष्ट फार आवडली. पण लिहायचा आकार मी एका वेळी एकच देईन. २०१५ च्या कायद्यामुळे कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिलीपासून शिकवावंच लागतं, मराठी शाळेतही. ते शिकवणारं कोणीतरी आहेच. मराठी अक्षर मात्र तिला आत्ता घराशिवाय कुठं मिळणार? आणि ते एकदा पक्कं झालं की कन्नड लिपी भरभर येते, फक्त ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ नव्याने शिकायचे राहतात, आपल्यात ते नाहीत. अंगणवाडीतली गाणी बंद करू नका, घरी तिच्याकडून शिकून घ्या उलट.

नंदगडची_आई
सगळ्यांचे खूप आभार. वही कपाटात गेली. काल रव्यात र काढला तर तिने स्वतःहून शेजारी दुसरा काढला, उलटा, मी काहीच बोलले नाही. मिस्टरांना पण वाचून दाखवलं, ते म्हणाले बसचे बोर्ड मी घेतो. धाकटा दीड वर्षाचा आहे म्हणून चिंचोके नको, माती आणणार. पण ळ कधीतरी येणारच, तेव्हासाठी घरातले अजून शब्द सुचवा ना.

वडगाव_अक्का
गूळ, डाळ, तांदूळ, काजळ, बाळ. आणि येळ्ळूरला राजहंसगडावर घेऊन जा एकदा, येळ्ळूर या नावात ळ दोनदा आहे.