पील टॉवरला मराठीत काय म्हणावं? बुरूज, गढी की अजून काही?

कोराकागद
इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या सीमेवरच्या पील टॉवर्सवर मराठीत लिहितोय आणि मेन शब्दावरच गाडी अडलीये. तीन-चार मजली चौकोनी दगडी घरं, भिंती मीटरच्या वर जाड, तळमजल्याला दगडी कमान आणि तिथे सामानसुमान नाहीतर गुरं, माणसं वरती. रीव्हर म्हणजे दोन्हीकडच्या लुटारू टोळ्या गुरं पळवायच्या, घरं जाळायच्या, त्यापायी ही बांधली, आता बरीचशी नाहीशी झालीत. 'बुरूज' चालेल?

तटावरचा
बुरूज नको रे. बुरूज म्हटला की पहिला प्रश्न, तट कुठाय? आणि बुरुजात कोणी संसार थाटत नाही. सरळ गढी लिही, सगळ्यांना कळतं.

जुनीवही
गढी अर्धीच बसते. गढीला तट आणि कोपऱ्यांवर बुरूज, आत वाडा, म्हणजे सगळा जोर बाहेरच्या तटावर. इथे घरच बुरूज आहे. भोवती आवार असायचं, त्याला बार्मकिन म्हणतात, हल्ला आला की गुरं त्यात कोंडायची. स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं १५३५ ला कायदाच केला की सीमेवर १०० पौंडांची जमीन असलेल्यानं चुना-दगडाचं ६० फूट चौरस बार्मकिन बांधायचंच, आत टॉवर हवा तर बांधा. टॉवर ऑप्शनल! गंमत म्हणजे 'पील' हा शब्दही आधी कुंपणाचाच, मुळात लॅटिन पालुस, म्हणजे मेढ, खुंट. इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डनं १३०२ च्या सुमारास स्कॉटलंडात लिनलिथगोला बांधलेला पील मुख्यतः लाकडाचाच होता. त्या अर्थानं आपल्याकडे 'मेढेकोट' आहेच की, पण तो दगडी टॉवरला लावलास तर वाचणारा वेडा होईल.

कोराकागद
मेढेकोट भारी आहे पण नको 😄 'बुरूजघर' कसं वाटतं?

तटावरचा
घडवलेला वाटतो शब्द, पण चालेल. पहिल्यांदा येईल तिथे पील टॉवर लिही, मग बुरूजघर. बाकी नाहीसे झाले ते लढाईतच का?

जुनीवही
काही लढाईत, १५४५ ला हर्टफर्ड या इंग्रज सेनापतीच्या फौजेनं बरेच जाळले-पाडले. पण १६०३ ला स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला, सीमेची सीमाच राहिली नाही, रीव्हर लोकांना धरून फाशी दिलं, मग असल्या अंधाऱ्या घरात राहायचं कशाला? दगड शेतघरांना आणि बांधांना गेले. लिडेल खोऱ्यात मँगर्टनला आर्मस्ट्राँग या रीव्हर घराण्याच्या म्होरक्याचं ठाणं होतं, तिथे आता थोडंसं जोतंच दिसतं. केल्सो गावाजवळचा स्मेलहोम टॉवर मात्र चांगला उभा आहे. आपल्या गढ्यांचंही तेच झालं ना, पांढरी माती धाब्याच्या घरांना आणि शेतात गेली, उरलं टेकाड. त्यामुळे गढी म्हणायचा मोह कळतो मला, पण तरी नकोच.

कोराकागद
डन. मग बॅसल हाऊसलाही बुरूजघरच लिहितो.

जुनीवही
अजिबात नको! बॅसल म्हणजे दोनच मजली, लांबट, जाड भिंतींचं शेतघर, खाली गोठा, वर माणसं. बुरूज बिरूज काही नाही त्यात. 'गोठ्यावरचं घर' लिहून एका ओळीत समजाव आणि पुढे बॅसलच ठेव.