मदत हवी आहे: 500 यार्डांपर्यंत सगळं ठीक, 1000 ला गोळी खाली का पडते? (ॲरिझोना)

सोनोरन

मंडळी, नमस्कार.

आम्ही चार मित्र फिनिक्सच्या पश्चिमेला बीएलएमच्या जमिनीवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातल्या मोकळ्या वाळवंटात, थंडीच्या दिवसांत रायफल नेमबाजीला जातो. शिकारीत कुणालाच रस नाही. लांबवर पोलादी प्लेट टांगायची, आळीपाळीने एकाने गोळी झाडायची आणि एकाने दुर्बिणीतून बघायचं (स्पॉटिंग), एवढाच छंद. चौघेही मराठी असल्यामुळे वारा आणि मिलचा (स्कोपवरच्या कोनाच्या मापाचा) हिशेब मराठीतच चालतो, म्हणून प्रश्नही इथेच विचारतोय.

रायफल बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची), काडतूस 6.5 क्रीडमोर जातीचं, नळी 20 इंची. काडतुसं 140 ग्रेन वजनाच्या गोळीची, फॅक्टरी मॅच, म्हणजे कारखान्यात भरलेली स्पर्धेची. बॉक्सवर वेग सेकंदाला 2710 फूट दिलाय, तोच फोनवरच्या बॅलिस्टिक ॲपमध्ये भरलाय. स्कोप मिलचा, एका क्लिकला 0.1 मिल. झिरो, म्हणजे स्कोपचा नेम, 100 यार्डांवर जुळवलाय आणि कागदावर पाच गोळ्या इंचाच्या आत बसतात, त्यामुळे रायफलबद्दल शंका नाही.

500 यार्डांवर 12 इंची प्लेट जवळजवळ प्रत्येक वेळी वाजते. 1000 ला दोन फुटी चौकोनी प्लेट आहे, मागे टेकडीची उतरण. ॲप सांगतं तेवढे मिल चढवून गोळी सोडली की दीड सेकंद काहीच होत नाही, मग प्लेटच्या खालच्या कडेपासून वीतभर खाली मुरमाचा पिवळसर फवारा उठतो. सकाळी आठच्या सुमारास, वारा नसताना, सगळ्या गोळ्या त्याच पट्ट्यात. झाडणाऱ्या तिघांच्याही. म्हणजे झाडणाऱ्याचा दोष नसावा. अकरानंतर मात्र खाली पडणं राहतंच, शिवाय गोळ्या डावी-उजवीकडेही पांगतात. तेव्हा स्कोपमध्ये मृगजळ इतकं उकळत असतं की प्लेटची कड धड दिसत नाही.

दुसरा प्रश्न वेगळा आहे, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मी आणि एक मित्र ग्रीन कार्डवर आहोत, तिसरा नागरिक आहे. चौथा एच-1बी वर आहे आणि आत्तापर्यंत फक्त स्पॉटिंग करतो. त्याला रायफल हातात दिली तर चालतं का? शिवाय नोव्हेंबरात माझे आई-बाबा नाशिकहून येणार आहेत. बाबांनी कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल चालवली होती, त्यांना फार उत्सुकता आहे.

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

हिशेबनीस

सोनोरन, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. बॉक्सवरचे 2710 हे 24 इंची नळीतून मोजलेले असतात. तुमची नळी 20 इंची. या काडतुसात नळीच्या एका इंचामागे साधारण 20-25 फूट वेग कमी होतो असं धरा. म्हणजे तुमची गोळी बहुतेक 2610 ते 2630 च्या दरम्यान बाहेर पडतेय आणि ॲपला ते माहीतच नाही.

आता हे 500 ला का कळत नाही ते बघा. तिथे एवढ्या फरकाने गोळी फार तर तीन-चार इंच खाली लागते. 12 इंची प्लेटच्या मध्यापासून खालची कड सहा इंचांवर आहे, म्हणून प्लेट वाजते आणि सगळं बरोबर आहे असं वाटतं. तुमच्या 500 च्या प्लेटचा रंग बघा, मी पैजेवर सांगतो की डाग खालच्या अर्ध्या भागात जास्त असतील. 1000 ला हाच फरक अर्ध्या मिलच्या वर जातो. त्या अंतरावर एक मिल म्हणजे 36 इंच, तेव्हा वीस-बावीस इंच खाली. तुमची प्लेट मध्यापासून 12 इंचांवर संपते. वीतभर खाली उठणारा फवारा या हिशेबात चपखल बसतो.

उपाय एकच, क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. आता रडारवाले छोटे मिळतात, नळीला काही बांधावं लागत नाही, शेजारी ठेवला की झालं. ग्रुपमध्ये वर्गणी काढून घ्या किंवा कुणाचा तरी मागून आणा. निदान दहा गोळ्यांची सरासरी घ्या. ॲपचा आकडा अंदाजाने कमी-जास्त करून 1000 ला नेम जुळवू नका. तसं केलं की 1000 जुळतं आणि 700 बिघडतं.

आणखी एक जागा तपासा. ॲप हवेचा दाब विचारतं तेव्हा त्याला जागेवरचा दाब हवा असतो. हवामानाच्या बातमीतला आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. फिनिक्स सुमारे 1,100 फुटांवर आहे, तिथे या दोन आकड्यांत पाऱ्याच्या एका इंचाहून जास्त फरक पडतो. या चुकीने गोळी वर जाते, तुमची खाली जातेय, म्हणजे कारण हे नाही. पण हे चुकलं असेल तर खरी चूक थोडी झाकली जात असेल. उष्ण दिवशी हवा विरळ होते हेही विसरू नका. 40 अंश तापमानाला फिनिक्सची हवा गोळीला चार हजार फुटांवरच्या हवेसारखी लागते.

गारगोटी

मी कोल्हापूरकडचा, .22 या छोट्या काडतुसाच्या रायफलवर 50 मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी, करतो. एवढ्या मोठ्या रायफलचा अनुभव नाही, पण तुमच्या "अकरानंतर" या शब्दावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

सोनोरनदादा, ती पांगापांग वाऱ्याची आहे. आमचं टार्गेट फक्त 50 मीटरवर असतं, पण दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. .22 ची गोळी हळू असते, त्यामुळे एवढ्याशा अंतरातही वारा तिला दहातून नवात सहज नेतो. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून झेंड्यांकडे बघायला शिकवतात. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या ते 50 मीटर प्रोनमध्येच, आणि स्वप्नील कुसाळेचं 2024 चं पॅरिसचं कांस्यही 50 मीटरचंच, थ्री पोझिशनमधलं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून झाडायच्या प्रकारातलं. आमच्याकडे पोरं या दोघांची नावं घेऊन रेंजवर येतात, पण उघड्या रेंजवर टिकतात ती वाऱ्यासाठी थांबायला शिकलेली.

शिकवलं जातं ते असं: वारा सतत बदलत असला तरी त्याचा एक नेहमीचा जोर असतो, दर थोड्या वेळाने परत येणारा. तो ओळखायचा, त्याच्यासाठी दुरुस्ती करायची आणि तोच परत येईपर्यंत चापावर बोट न्यायचं नाही. तुम्ही तिघे आळीपाळीने झाडता म्हणजे प्रत्येकाला वेगळा वारा मिळतो. एकाने सलग पाच गोळ्या एकाच वाऱ्यात सोडून बघा.

मृगजळाला नावं ठेवू नका, ते फुकटचं वारादर्शक आहे. स्पॉटरने दुर्बिणीचा फोकस प्लेटवरून थोडा अलीकडे, अर्ध्या-पाऊण अंतरावर आणायचा. मग लाटा डावीकडे वाहतात की उजवीकडे, ते स्पष्ट दिसतं. लाटा सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा एकतर नाही किंवा थेट तोंडावर वा पाठीवर आहे, आणि बहुतेक वेळा तो दिशा बदलायच्या बेतात असतो. त्या क्षणी गोळी सोडायची नाही. हा एक नियम पाळलात तरी फरक दिसेल.

तिकडे .22 सहज मिळत असेल तर तीच घेऊन 200 यार्डांवर सराव करा. काडतुसं स्वस्त, आणि वारा वाचायची सवय लवकर लागते.

हिशेबनीस

गारगोटी यांच्याशी पूर्ण सहमत. आकडा हवा असेल तर, ताशी 10 मैलांचा आडवा वारा तुमच्या गोळीला 1000 यार्डांवर साधारण पाच फूट ढकलतो. म्हणजे अंदाज ताशी दोन मैलांनी चुकला तर फूटभर, आणि तुमची प्लेट मध्यापासून फूटभरच आहे. स्कोपवर छोटी पाणसळही लावा. रायफल एक अंश कलली तरी त्या अंतरावर पाच इंच बाजूला जाते आणि उतारावर आडवं झोपलं की डोळ्याला कल कळत नाही. उजव्या पिळाच्या नळीतून (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) गोळी स्वतःच्या फिरण्यामुळेही सात-आठ इंच उजवीकडे सरकते, तो पर्याय ॲपमध्ये चालू आहे का बघा.

कागदपत्रं_पूर्ण

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण यावर कुणीच बोललं नाही आणि चूक झाली तर किंमत फार मोठी आहे.

मी वकील नाही. आमच्या ग्रुपमध्ये हाच प्रश्न आला तेव्हा आम्ही पैसे मोजून वकिलाचा सल्ला घेतला होता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार (कलम 922) नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. एच-1बी, एल-1, एफ-1, आणि पाहुण्यांचा बी-2, सगळे यात आले. रायफल मित्राची आहे, दोनच मिनिटं हातात घेतली, याने सुटका होत नाही. खटल्यात "ताबा" या शब्दाचा अर्थ फार ताणला जातो. 2022 पासून कमाल शिक्षा 15 वर्षं आहे, आणि शिक्षा राहिली बाजूला, ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाचं सगळंच संपतं.

याला काही अपवाद आहेत. त्यातला लोक नेहमी वापरतात तो म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा रीतसर मिळालेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. शिकार करायची नसली तरी परवाना काढता येतो. तुमच्या मित्राने तो काढावा, प्रत खिशात ठेवावी आणि रायफलला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्यावं. परवान्याची मुदत संपलेली असेल तर परवाना नाही असंच समजा. तोपर्यंत स्पॉटिंग करणं उत्तम, पण काडतुसांचा डबाही त्याच्या गाडीत ठेवू नका.

बाबांना जरूर न्या. कानाला संरक्षण, डोळ्यांना चष्मा, बसायला खुर्ची, आणि दुर्बिणीतून बघू द्या. परवान्याशिवाय रायफल मात्र हातात देऊ नका, फोटोपुरतीसुद्धा नाही. असे फोटो फेसबुकवर गेले की ते कायमचे राहतात.

निवडुंग

टूसॉनला बरीच वर्षं काढली आहेत, वाळवंटाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

मागे टेकडी आहे हे वाचून बरं वाटलं. पण ती टेकडी प्लेटच्या किती वर जाते ते बघा. ही गोळी तीन मैलांच्या पुढे जाऊ शकते, आणि चुकून वर गेलेली गोळी टेकडीच्या माथ्यावरून गेली तर पलीकडे कुणाचा तंबू, कुणाची गुरं, काही सांगता येत नाही. बीएलएमच्या जमिनीवर गुरं मोकळी चरतात. कोरड्या ओढ्यांतून साइड-बाय-साइड (वाळवंटात फिरायच्या छोट्या उघड्या) गाड्या धुरळा उडवत अचानक येतात आणि त्यांच्या इंजिनाच्या आवाजात तुमचा बार त्यांना ऐकू जात नाही. झाडणारा एक आणि स्पॉटर एक हे पुरेसं नाही. तिसऱ्याने दुर्बिणीला डोळा न लावता नुसत्या डोळ्यांनी दोन्ही बाजू बघत बसायचं. तुमच्या एच-1बी वाल्या मित्राला हे काम द्या, फार मोलाचं आहे. कुणी प्लेटकडे निघालं की सगळ्या रायफलींचे बोल्ट उघडे, मॅगझिन बाहेर, आणि तो परत येईपर्यंत रायफलजवळ कुणीही जायचं नाही.

आगीचं गांभीर्याने घ्या. एप्रिल 2017 मध्ये टूसॉनच्या दक्षिणेला बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायला फुटणाऱ्या टार्गेटवर गोळी झाडली आणि सुमारे 47,000 एकर जळून गेलं. वाळक्या गवतात पोलादी गाभ्याच्या गोळीची ठिणगीही पुरते. उन्हाळ्यात आगीचे निर्बंध लागले की नेमबाजीच बंद होऊ शकते, निघण्याआधी बीएलएमचं पान उघडून बघा. काही राष्ट्रीय स्मारकांच्या हद्दीत, उदाहरणार्थ आयर्नवुड फॉरेस्टमध्ये, नेमबाजीला बंदीच आहे. नकाशावर हद्द कुठे संपते ते नीट तपासा.

सग्वारोवर, म्हणजे इथल्या उंच खांबासारख्या निवडुंगावर, कुणीही गोळी झाडू नये. त्याला कायद्याचं संरक्षण आहे. 1982 साली फिनिक्सच्या उत्तरेला एकाने मजा म्हणून बंदुकीने सग्वारो पाडायला घेतला आणि तोच अंगावर कोसळून तो मेला. रिकाम्या पुंगळ्या, पुठ्ठे, तुटलेल्या साखळ्या सगळं गोळा करून आणा. आधीच्या लोकांचा कचराही जमेल तेवढा उचला. जागा बंद होतात त्या बहुतेक कचऱ्यामुळेच.

पाणी माणशी एक गॅलन. मोबाइलला रेंज नसते, म्हणून जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घरी द्या. टूर्निके (रक्तस्राव थांबवायचा पट्टा) गाडीत नको, अंगावर हवा.

बाबांना खऱ्या स्पर्धा बघायच्या असतील तर उत्तर फिनिक्समधल्या बेन एव्हरी रेंजवर घेऊन जा. राज्याच्या गेम अँड फिश खात्याची आहे, तिथे 1000 यार्डांच्या स्पर्धा होतात. सावलीत बसून दिवसभर बघता येतं.

सोनोरन

सर्वांचे मनापासून आभार. एवढं तपशिलात कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

हिशेबनीस, ओळखीतल्या एकाचा क्रोनोग्राफ आणला. सरासरी 2625 च्या आसपास आली. ॲपमध्ये तो आकडा आणि जागेवरचा दाब भरल्यावर 1000 साठी आधीपेक्षा 0.6 मिल जास्त दाखवायला लागलं. सकाळी वारा नसताना दुसऱ्याच गोळीला प्लेट वाजली. आवाज यायला वेळ लागतो, त्याआधी स्पॉटर ओरडला होता. 500 ची प्लेट तुम्ही म्हणालात तशीच, वरचा अर्धा भाग जवळजवळ कोरा निघाला.

एच-1बी वाल्या मित्राने वकिलाची वेळ घेतली आहे. तोवर तो नुसत्या डोळ्यांनी राखण करतोय, आणि त्यानेच ओढ्यातून येणाऱ्या दोन गाड्या आमच्या आधी पाहिल्या. त्या निघून जाईपर्यंत आम्ही बोल्ट उघडून बसलो. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. थोडे हिरमुसले, पण बेन एव्हरीचं नाव ऐकून लगेच तारखा विचारायला लागले.

गारगोटी, तुमच्या सांगण्याप्रमाणे अकरानंतर थांबून थांबून झाडलं. पांगणं कमी झालं, पण एक गोष्ट अजून कळत नाही. आमच्या जागी झाडणाऱ्याजवळ वारा डावीकडून असतो आणि 700 च्या आसपास ओढा ओलांडला की मृगजळ उजवीकडून वाहताना दिसतं. अशा वेळी दुरुस्ती कुठल्या वाऱ्याची करायची? जवळच्या वाऱ्याला जास्त महत्त्व द्यायचं की ओढ्यावरच्या?