मदत हवी आहे: कमी पैशांत बनलेले, पण खरंच घाबरवणारे भयपट सुचवा

काल रात्री एक कमी बजेटचा भयपट पाहिला आणि नुसता वैताग आला. भूत दिसायच्या आधीच कानठळ्या बसवणारा आवाज. दचकायला होतं, भीती मात्र शून्य. रक्त सरबतासारखं. आणि भुताच्या मनगटावर चक्क घड्याळ!

पैसे नव्हते ही सबब मला पटत नाही. १९७८ चा 'हॅलोवीन' साधारण ३ लाख डॉलरमध्ये झाला. त्यातला मुखवटा दुकानातून आणून पांढरा रंगवलेला, संगीतही दिग्दर्शकानं, म्हणजे जॉन कार्पेंटरनं, स्वतःच केलेलं. 'पॅरानॉरमल ॲक्टिव्हिटी' तर दिग्दर्शकाच्या राहत्या घरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये शूट झाला. नुसतं दार हलतं, तरी पोटात गोळा येतो.

तर मंडळी, असे आणखी सुचवा ना. भाषा कोणतीही चालेल, सबटायटल्स असली म्हणजे झालं. रक्तपात कमी, वातावरण जास्त. हे दोन्ही पाहून झालेत, 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'सुद्धा.

आणि एक शंका. कालच्या चित्रपटात अंधारातल्या प्रसंगांत कोण कोणाचा गळा दाबतंय तेच कळत नव्हतं. हा दोष चित्रपटाचा की माझ्या टीव्हीच्या सेटिंगचा? कसं ओळखायचं?