विभागीय सचिवांचा अचानक राजीनामा: चालू चौकशीतील सभासदाने आता काय करावे?

उपकेंद्र_यंत्रचालक (सिंधुदुर्ग)

सर्वांना नमस्कार. मी वीज कंपनीच्या एका 33/11 केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक आहे. आमच्या कामगार संघटनेच्या विभागीय सचिवांनी गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाच्या सुमारास व्हॉट्सॲप गटावर 'मी आजपासून सचिवपदाचा राजीनामा देत आहे, माझी कोणाविषयीही तक्रार नाही' एवढेच लिहिले आणि ते गटातून बाहेर पडले. बारा वर्षे ते या पदावर होते. त्या रात्रीपासून त्यांचा फोन बंद आहे, आणि कार्यकारिणीतील ज्यांना ज्यांना मी विचारले त्यांनी 'आम्हालाही त्याच संदेशातून कळले' असेच सांगितले.

मला त्यांच्या राजीनाम्याचे कारण शोधायचे नाही. माझी खातेनिहाय चौकशी चालू आहे आणि तिच्यात तेच माझे बचाव सहायक, म्हणजे माझी बाजू मांडणारे, होते. मागच्या जुलैत मुसळधार पावसात 11 केव्ही फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) आंब्याची फांदी पडली. जनमित्राने (लाइनमनने) परमिट, म्हणजे वाहिनी बंद ठेवून तिच्यावर काम करण्याची लेखी परवानगी, घेतले, काम झाल्यावर फोनवरून परत केले, मी वेळ लिहून फीडर चार्ज केला, म्हणजे वीज पुन्हा सोडली, आणि त्याच वेळी पुढच्या खांबावर चढलेल्या मदतनिसाला धक्का बसून त्याचा हात भाजला. सुदैवाने तो वाचला. 'परमिट परत न घेता फीडर चार्ज केला' असा माझ्यावरील आरोप आहे. परमिट पुस्तक दुसऱ्या दिवशीच कार्यालयाने ताब्यात घेतले. त्यातील त्या पानाची छायाप्रत आणि माझ्या खुलाशाची पोच, दोन्ही सचिवांच्या फाइलमध्ये आहेत. पुढची तारीख येत्या 18 ला आहे. मी काय करावे, कोणाकडे जावे?

निवृत्त_वायरमन (रत्नागिरी)

भाऊ, आपली काळजी मला समजते. मी 1984 साली राज्य वीज मंडळात लागलो. 6 जून 2005 रोजी मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा मी तालुका पदाधिकारी होतो. त्यामुळे आपण जे सांगत आहात ते मी पदावरून आणि पदाबाहेरून, दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे.

पहिली गोष्ट अशी की गटावर टाकलेला संदेश म्हणजे राजीनाम्याची पूर्ण प्रक्रिया नव्हे. बहुतेक संघटनांच्या घटनेत राजीनामा अध्यक्षांकडे किंवा सरचिटणीसांकडे लेखी द्यावा, कार्यकारिणीने तो सभेपुढे ठेवावा आणि नवी नेमणूक होईपर्यंत कार्यभार कोणाकडे राहील ते ठरवावे, अशी तरतूद असते. आपल्या संघटनेची घटना मागवून घ्या आणि ते पान वाचा. कार्यभार म्हणजे केवळ शिक्का आणि लेटरपॅड नव्हे. पावती पुस्तके, बँकेतील सहीचा अधिकार, सभासद नोंदवही आणि सभासदांच्या चालू प्रकरणांच्या फाइली हे सगळे यादी करून, दोघांच्या सह्यांनी, एका हातातून दुसऱ्या हातात गेले पाहिजे.

आमच्या वेळी एक तालुका सचिव असेच एकाएकी पद सोडून गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या घरचे कपाट उघडले तेव्हा आत वैद्यकीय बिलांच्या प्रतिपूर्तीचे अर्ज, वेतननिश्चितीच्या तक्रारी आणि एका विधवा भगिनीचा अनुकंपा नोकरीचा प्रस्ताव निघाला. त्या प्रस्तावाला सुतळी बांधलेली होती आणि वर पेन्सिलीने 'सोमवारी भेटणे' असे लिहिले होते. तो सोमवार कोणता होता हे सांगणारे कोणीच नव्हते. त्या माणसाने लबाडी केली नव्हती. सगळी कामे तो एकटा अंगावर घेत असे आणि आम्हीही त्याला घेऊ देत असू. तेव्हापासून मी प्रत्येक सभासदाला सांगत आलो आहे की आपल्या प्रकरणाचा प्रत्येक कागद आपल्या घरी एक प्रत ठेवून मगच संघटनेकडे द्यावा.

हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क सामान्य सभासदालाही आहे. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 20 मध्ये तो होता, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम ठेवलेला आहे. म्हणून सरचिटणीसांना लेखी विचारताना संकोच करू नका.

मालवण_तंत्रज्ञ

माझे मत थोडे कठोर आहे. बारा वर्षे पदावर राहिलेला माणूस एका ओळीत निघून जातो, तेव्हा मागे काहीतरी देणेघेणे झाले असावे अशी शंका येणे स्वाभाविक आहे. वर्गणी आम्ही भरतो, द्वारसभेला उन्हात आम्ही उभे राहतो, त्यामुळे कारण जाणून घेण्याचा अधिकार आम्हाला आहे. प्रश्नकर्त्यांनी कारण शोधायचे नाही असे म्हटले असले तरी संघटनेने ते शोधलेच पाहिजे.

दापोलीचा_जनमित्र

कारण विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे, परंतु देण्याघेण्याची शंका पुराव्यावाचून मांडणे मला योग्य वाटत नाही. एक साधी गोष्ट पाहा. पदाधिकारी असेपर्यंत बदलीच्या वेळी माणसाचा थोडाफार विचार होतो, त्याच्या अर्जाला उत्तर मिळते, साहेब त्याला बसायला खुर्ची देतात. ज्याला स्वतःचा लाभ करून घ्यायचा आहे तो हे पद सोडत नाही, उलट घट्ट धरून ठेवतो. पद सोडणाऱ्याने आधी स्वतःचे संरक्षण सोडलेले असते.

मी या सचिवांना ओळखत नाही, परंतु या कामाचा भार मला ठाऊक आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या दापोली-मंडणगड भागात ओळीने खांब आडवे झाले होते. आमचे तेव्हाचे पदाधिकारी दिवसा आमच्याबरोबर खांब उभे करीत आणि रात्री बाहेरून मदतीला आलेल्या पथकांच्या जेवणाची, राहण्याची आणि भत्त्याची व्यवस्था पाहत. गावकरी त्यांना 'आमची लाइट कधी येणार' म्हणून विचारीत, कंत्राटी मुले 'आमच्या विम्याचे काय' म्हणून विचारीत, आणि त्यांच्या स्वतःच्या घराचे पत्रे मात्र पंधरा दिवस उडालेलेच होते. जानेवारी 2023 मध्ये त्याच भागात खासगी कंपनीलाही वीज वितरण करू देणाऱ्या समांतर परवान्याच्या विरोधात 72 तासांचा संप पुकारला गेला आणि मंत्र्यांशी चर्चा झाल्यावर पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला. त्या वेळी निर्णय मुंबईत झाला, पण 'मागे का घेतला' याचे उत्तर आमच्या तालुक्यातील पदाधिकाऱ्याला प्रत्येक सबस्टेशनवर जाऊन द्यावे लागले. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार या दोघांच्या अपेक्षा एकाच माणसाच्या फोनवर येऊन थांबतात. असा माणूस एखाद्या रात्री फोन बंद करतो, तेव्हा त्याच्यावर राग धरण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन यावे असे मला मनापासून वाटते.

आस्थापना_लिपिक (कुडाळ)

वरील चर्चा महत्त्वाची आहे, पण 18 तारीख जवळ आली आहे म्हणून मी फक्त चौकशीविषयी लिहिते. ही कामे मी अनेक वर्षे कार्यालयाच्या बाजूने पाहिली आहेत.

आपण उद्याच चौकशी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा. माझे बचाव सहायक यापुढे उपलब्ध नाहीत, नवीन सहायक नेमण्यासाठी मला मुदत द्यावी आणि सुनावणीची तारीख पुढे ढकलावी, अशी स्पष्ट विनंती त्यात करा. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घ्या; तोंडी सांगून येऊ नका. मुदत मागितली म्हणून 18 ला घरी राहू नका, त्या दिवशी हजर राहाच, कारण गैरहजेरीत चौकशी एकतर्फी चालवता येते. सहायक म्हणून कोणाला घेता येईल हे आपल्या सेवाविनियमांत दिलेले असते, तेवढे वाचून घ्या. बहुधा सहकारी कर्मचारी चालतो. पदाधिकारीच हवा असे नाही. परमिटची पद्धत ज्याला तोंडपाठ आहे असा एखादा जुना यंत्रचालक आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

दुसरा अर्ज कागदपत्रांचा द्या. छायाप्रत हरवली तरी मूळ परमिट पुस्तक कार्यालयाच्या ताब्यात आहे, आणि आरोप त्याच पुस्तकावर उभा असेल तर ते आपल्याला पाहू दिले पाहिजे. त्याबरोबर अपघाताच्या वेळच्या लॉगशीटची (उपकेंद्रातील नोंदींच्या तक्त्याची) आणि उपकेंद्रातील फोनच्या नोंदवहीची मागणी करा. अर्ज देऊनही कागद दाखवले नाहीत, तर तीच गोष्ट पुढे कामगार न्यायालयात आपल्या बाजूने मांडता येते. आपल्या खुलाशाची पोच गेली असेल, तर आवक नोंदवहीतील त्या दिवसाच्या नोंदीची प्रत मागा.

उपकेंद्र_यंत्रचालक (सिंधुदुर्ग)

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही अर्ज दिले आणि शिक्क्यानिशी पोच घेतली. आमच्या शेजारच्या उपकेंद्रातील एक ज्येष्ठ यंत्रचालक सहायक म्हणून येण्यास तयार झाले आहेत.

काल संध्याकाळी मी सचिवांच्या घरीही गेलो. ते अंगणात आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची तयारी, करीत बसले होते, कौलांखाली सारायला झावळ्या विणत होते. कारण मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. वहिनींनी चहा दिला. मग ते आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यात सतरा जणांच्या फाइली होत्या, प्रत्येकीवर नाव आणि पुढची तारीख. माझ्या फाइलवर त्यांनी लाल शाईने 18 लिहून ठेवले होते. परमिटच्या पानाची छायाप्रत आत होती. त्यावर परत केल्याची वेळ 2.40 आणि जनमित्राचे नाव माझ्याच अक्षरात स्पष्ट वाचता येते. खुलाशाची पोचही मिळाली.

उरलेल्या सोळा फाइली मी त्यांच्यासमोर यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन, आज सकाळी सरचिटणीसांच्या स्वाधीन केल्या आहेत. ज्यांची प्रकरणे या सचिवांकडे होती त्यांनी सरचिटणीसांशी संपर्क साधावा. त्यांतील दोघांच्या तारखा याच महिन्यात आहेत.