नेरूळ सोडून अलिबागला राहायला जावे का?

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो, घरात आम्ही दोघे, सातवीतली मुलगी आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई. माझे काम बहुतांशी घरूनच चालते, म्हणून अलिबागला कायमचे जाण्याचा विचार मनात घोळतो आहे. मात्र तिथल्या जागांचे भाव इतके चढले आहेत की फ्लॅट विकूनही हाती फारसे उरणार नाही. अनुभवींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : ताई, आधी वर्षभर भाड्याने राहा आणि त्यात पूर्ण पावसाळा येऊ द्या. गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून सुरू झालेली, गाड्याही वाहून नेणारी रो-रो बोट चालते, पण समुद्र खवळला की तिचाही भरवसा नसतो. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, त्यामुळे उरतो तो पेण-वडखळचा रस्ता, आणि तो शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो.

उत्तर : शेतकरी नसलेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात सहसा शेतजमीन घेता येत नाही. सातबारा, बिनशेती आदेश आणि किनाऱ्याजवळ असल्यास सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील नियमांची) मर्यादा वकिलाकडून तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.

उत्तर : माझ्या आईलाही दमा आहे. समुद्राची हवा तिला मानवेल असे आम्ही धरून चाललो होतो, परंतु पावसाळ्यात भिंतींना आलेल्या ओलीने आणि बुरशीने तिचा त्रास वाढला. जिल्हा रुग्णालय गावातच आहे, तरी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांसाठी आम्ही अजून पनवेल गाठतो. सासूबाईंचे स्वतःचे मत काय आहे?