मदत हवी आहे: लाकडी सांगाड्याच्या जुन्या पबचा गिलावा सुटतोय

साहेबाच्या_देशी: अर्जंट आहे. इंग्लंडात हिअरफर्डशायरमधल्या खेड्यात पब लीजवर घेतलाय, काळी लाकडं पांढऱ्या भिंती असतो ना तसला. पावसाच्या बाजूला दोन खांबांमधला गिलावा फुगलाय, टिचकी मारली की पोकळ वाजतो, आणि जोत्यावरचं आडवं लाकूड इतकं भुसभुशीत की किल्ली आत जाते. बिल्डर म्हणतो सगळं खरवडून सिमेंट मारू, वरून वॉटरप्रूफ रंग. करू का?

भोचक: लिस्टेड आहे का, म्हणजे सरकारच्या वारसा-इमारतींच्या यादीत? आत्ता भिंतीवर काय आहे, चुना की सिमेंट?

साहेबाच्या_देशी: लिस्टेड असणारच ना! ग्रेड टू. प्लास्टर करडं, कडक. हो की नाही एवढंच सांगा.

चुनखडी: नाही!! करडं-कडक म्हणजे आधीच कुणीतरी सिमेंट मारून ठेवलंय, तेच दुखणं आहे. ओक हवेप्रमाणे फुगतो-आकसतो, सिमेंट ढिम्म, मग कडेला फट पडते, पाणी आत शिरतं आणि सुकायला वाट नाही. आत काठ्यांची वीण आणि माती-शेण-गवताचं लिंपण असेल तर वर चुनाच हवा. आणि कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला (जुन्या इमारतींचं जतन बघणारा अधिकारी) आधी फोन करा, लिस्टेड इमारतीचं रूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे.

साइट_इंजिनिअर: चुन्याचे चोचले परवडतात का कुणाला? लाकडात इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) भरा, विषय संपला.

चुनखडी: इपॉक्सीमागे ओल साठून शेजारचं लाकूड कुजेल ते कोण बघणार? कुजकं कापून नवा ओक सांधतात.

वाडेकर: पुण्यातल्या वाड्यांचंही असंच झालं. बाकी या पबांची लाकडं मोडक्या जहाजांची असतात म्हणे.

चुनखडी: बहुतेक ठिकाणी थापा आहेत हो, हिअरफर्डशायरला कुठला समुद्र! लाकडांत रिकाम्या खाचा दिसतात म्हणून लोकांना तसं वाटतं, पण त्या काढून टाकलेल्या लाकडांच्या, नाहीतर दुसऱ्या घरातून आणलेल्या. खांबांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा असतील बघा, सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, मग खुणा बघून उभा करायचे. तो काळा रंगही बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन हौस.

खवय्या: मेन्यूत मिसळ ठेवणार का?

साहेबाच्या_देशी: मिसळ राहू दे, लाकडात बारीक गोल भोकं पण आहेत!!

भोचक: हे आत्ता सांगताय? साधारण ३ मिमीची असतील तर डेथवॉच बीटल, लाकूड पोखरणारा किडा. खाली ताजा भुसा पडतो का? त्याला ओला ओक आवडतो, आधी ओल काढा. आणि लीजमध्ये दुरुस्ती कुणाकडे आहे?

साहेबाच्या_देशी: लीज बघावं लागेल. बिल्डर सोमवारी येतोय, थांबवू?

चुनखडी: थांबवा. फोटो टाका.

साहेबाच्या_देशी: अपलोडच होत नाहीयेत इथे.